कुंडीतली शेवंती थंडीतून कशी तगवायची?

दसऱ्याच्या आसपास अमेरिका-कॅनडातल्या दुकानांबाहेर शेवंतीच्या गोल, गच्च फुललेल्या कुंड्यांच्या रांगा लागतात. घराघरांत त्या येतात, दिवाळीत दारापाशी शोभतात आणि नोव्हेंबर संपता संपता कचऱ्यात जातात. आलेली बहुतेक पत्रं याच कुंड्यांबद्दल आहेत. उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शेवंतीची जुनी फांदी एकदा फुलली की तिचं काम संपतं. पुढच्या वर्षीचं झाड बुंध्याशी, मातीलगत फुटणाऱ्या कोंबांतून येतं. आपल्याकडचे शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. थंडीत जपायच्या त्या या काश्या आणि त्यांची मुळं. वरची हिरवळ टिकवायच्या नादात लोक नेमकं बुंध्याकडे दुर्लक्ष करतात.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये किराणा दुकानातून पिवळ्या शेवंतीची मोठी कुंडी आणली. आता फुलं सुकली आहेत. एका वर्षी अशीच कुंडी दिवाणखान्याच्या खिडकीत ठेवली होती, ती जानेवारीत गेली. पुढच्या वर्षी डेकवर ठेवली, तीही गेली. मग ठेवायची तरी कुठे?
– एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही वेळा झाड गेलं, पण कारणं अगदी उलटी होती.

दिवाणखान्यात २०-२२ अंश सेल्सिअस उष्णता असते, हवा कोरडी असते आणि डिसेंबरचा उजेड तोकडा पडतो. शेवंतीला फुलल्यानंतर थंडीतली विश्रांती लागते. ती न मिळता उबेत राहिली की झाड लांब, फिकट, लुळे कोंब काढत राहतं आणि मुळांत साठवलेलं अन्न संपवून टाकतं. त्यात अशा हवेत लाल कोळी आणि मावा हमखास येतात. जानेवारीपर्यंत झाड रिकामं होतं.

डेकवर वेगळं घडतं. जमिनीत लावलेल्या झाडाच्या मुळांना फक्त वरून थंडी लागते, कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी. शिवाय दिवसा उन्हाने माती सुटते, रात्री पुन्हा गोठते. या गोठण्या-सुटण्यात माती फुगते, आक्रसते आणि शेवंतीची उथळ मुळं तुटतात. सप्टेंबरात घेतलेल्या झाडाने सगळी ताकद फुलांत घातलेली असते, नवी मुळं धरायला त्याला वेळच मिळालेला नसतो.

म्हणून जागा हवी ती थंड, पण मुळं गोठणार नाहीत अशी. ० ते ७ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ३२ ते ४५. हीटर नसलेलं, घराला लागून असलेलं गराज यासाठी उत्तम. काम असं करा.

फुलं तपकिरी झाली की ती खुडून टाका, पण कुंडी लगेच आत नेऊ नका. दोन-तीन हलके फ्रॉस्ट, म्हणजे रात्री पानांवर गोठणारं दंव, तिला बाहेरच लागू द्या. पानं काळवंडून लोंबू लागली की झाड झोपायला लागलंय असं समजा. मध्य न्यू जर्सीत हे साधारण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होतं. कुंडीतली माती दगडासारखी गोठण्याआधी, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत, ती गराजमध्ये गेलेली असावी. खत सप्टेंबरपासूनच बंद.

आत नेण्याआधी कुंडीवरचा चमकदार कागद किंवा प्लॅस्टिकचं वेष्टण काढा. त्यात पाणी साचतं आणि बुंधा कुजतो. मग मातीचा ओलावा बघा. दुकानातल्या कुंड्यांत मुख्यतः पीट, म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, असतं आणि ते एकदा पूर्ण वाळलं की वरून घातलेलं पाणी आत न शिरता कडेने खाली निघून जातं. बघणाऱ्याला वाटतं पाणी घातलं, पण मुळांचा गड्डा कोरडा ठणठणीत असतो. कुंडी हलकी लागली तर ती बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, मग एक दिवस नीट निथळू द्या.

फांद्या मातीपासून १०-१५ सेंटिमीटर ठेवून कापा. अगदी मातीसपाट कापू नका. बुंध्याशी फुगलेले कोंब त्यात उडतात. गळलेली पानं वेचून टाका, त्यांवर बुरशी वाढते.

कुंडी थेट सिमेंटच्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा. बॉयलर किंवा वॉटर हीटरपासून दूर ठेवा. उजेड नसला तरी चालतं, या काळात झाडाला पानंच नसतात. दर तीन-चार आठवड्यांनी बोट पाच सेंटिमीटर खोल घालून बघा. आत कोरडं लागलं तरच १० इंची कुंडीला पाव ते अर्धा लिटर पाणी द्या. खाली बशी नको. हिवाळ्यात गराजमध्ये शेवंती दोनच गोष्टींनी मरते. डिसेंबर ते मार्च कोणी तिच्याकडे फिरकत नाही म्हणून ती वाळते, किंवा दर रविवारी पाणी घालणारं कोणीतरी घरात असतं म्हणून कुजते. दुसरा प्रकार जास्त दिसतो.

एखाद्या रात्री गराजचं तापमान उणे ५ च्या खाली जाणार असेल, तर जुनी गोधडी किंवा ब्लँकेट कुंडीभोवती गुंडाळा आणि थंडीची लाट ओसरली की काढा.

गराज नसेल आणि अंगण असेल तर कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरा. जागा भिंतीच्या उत्तरेची किंवा पूर्वेची निवडा. दक्षिणेकडे ऊन लागून माती दिवसा सुटते, तेच टाळायचंय. इथे मात्र फांद्या कापू नका. त्या पाला आणि बर्फ धरून ठेवतात, त्याचंच पांघरूण होतं. जमीन गोठल्यावर वर १०-१५ सेंटिमीटर पेंढा किंवा पाइनच्या सुया पसरा. मेपलची पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून थर बसतो आणि खाली हवा जात नाही, म्हणून ती नकोत.

एक शंका राहते ती जातीची. बागेसाठीची शेवंती, जिला तिकडे गार्डन मम म्हणतात, ती थंडी सोसते. गुच्छाच्या दुकानातली, मोठ्या मोजक्या फुलांची, भेट म्हणून येणारी जात फुलाच्या रूपासाठी निवडलेली असते, थंडीसाठी नाही. ती गराजमध्ये जगू शकते, जमिनीत पुरून मात्र क्वचितच. लेबल सांभाळून ठेवत जा.

प्रश्न : आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. गराज नाही, फक्त बाल्कनी. घरात २२ अंश. शेवंती ठेवायची सोय होईल का?
– मिसिसागा, कॅनडा

उत्तर : बाल्कनीत उघडी ठेवून नाही. तिकडे उणे १५च्या रात्री येतातच आणि उंचीवरचा वारा कुंडी आणखी सुकवतो. थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात कुंडी ठेवून भोवती कोरडी पानं दाबून भरली तरी जगण्याची शाश्वती देता येणार नाही. इमारतीच्या तळघरात सामान ठेवायची खोली असेल, ती थंड राहत असेल आणि व्यवस्थापनाची परवानगी मिळत असेल, तर एडिसनच्या वाचकांना सांगितलेली पद्धत जशीच्या तशी वापरा.

तेही नसेल तर अख्खं झाड ठेवण्याचा हट्ट सोडा आणि छाटकलमं ठेवा. फुलं संपल्यावर बुंध्याशी आलेल्या काश्यांतून ६-७ सेंटिमीटर लांबीचे, कळी नसलेले शेंडे घ्या. पेराच्या किंचित खाली धारदार ब्लेडने कापा, खालची पानं काढा, टोकाला मूळ फुटण्याची पावडर लावून झटका आणि निम्मं परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे), निम्मं कोकोपीट अशा ओलसर मिश्रणात खोचा. वर सैल प्लॅस्टिकची पिशवी घाला, रोज दहा मिनिटं ती काढून हवा द्या. १५-१८ अंशांत दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. हलक्या हाताने ओढल्यावर रोप अडलं, की मुळं आली. मग १० सेंटिमीटरच्या कुंडीत लावा आणि घरातल्या सगळ्यात थंड खिडकीत, एलईडी दिव्याखाली दिवसाला १४-१६ तास ठेवा. हे तास महत्त्वाचे आहेत. दिवा कमी वेळ ठेवला तर एवढंसं रोप कळ्या धरतं आणि वाढ थांबते.

प्रश्न : फेब्रुवारीतच शेडमधल्या कुंडीतून पांढरे, लांबलचक कोंब वर आले आहेत. बाहेर काढू का? मागच्या वर्षी एप्रिलमध्ये छान ऊन पडलं म्हणून बाहेर काढली, तर दोन दिवसांत पानं भाजल्यासारखी झाली.
– लेस्टर, इंग्लंड

उत्तर : पांढरे कोंब म्हणजे जागा गरजेपेक्षा उबदार आणि अंधारी आहे. ते कोंब २-३ सेंटिमीटर ठेवून कापा. ते वाचवण्यात अर्थ नाही, त्यांच्या खालून दणकट कोंब येतील. कुंडी उजेडात हलवा, पण उबेत नको. काचेचं कोल्ड फ्रेम (वर काचेचं झाकण असलेली पेटी), हीटर नसलेलं ग्रीनहाउस किंवा पोर्चमधली खिडकी, ५ ते १० अंश. आता पाणी थोडं वाढवा, पण पाण्याची खरी वेळ पानं फुटल्यावर येते.

मागच्या वर्षी जे झालं ते उन्हाने आणि वाऱ्याने. आत वाढलेल्या पानाची त्वचा पातळ असते आणि वरचा मेणाचा थर पुरेसा झालेला नसतो. अशा पानातून पाणी भराभर उडतं, मुळं तितकं पुरवू शकत नाहीत, आणि पानाच्या कडा आधी कागदासारख्या पांढुरक्या, मग तपकिरी होतात. वर्षभर बाहेर असलेल्या शेवंतीचे कोंब हलका फ्रॉस्ट सोसतात. शेडमधून आलेले कोंब उणे २ अंशांतही काळे पडतात. झाड तेच असलं तरी सवय वेगळी असते.

सवय लावायला दहा दिवस द्या. पहिले दोन दिवस सावलीत, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात दोन-तीन तास. पुढचे तीन दिवस सकाळचं कोवळं ऊन तास-दीड तास, बाकी वेळ सावली. सहाव्या दिवसापासून दुपारपर्यंत ऊन, रात्री आत. शेवटच्या दोन-तीन रात्री तापमान ५च्या वर असेल तर बाहेर राहू द्या. इंग्लंडच्या मध्य भागात मेच्या मध्यापर्यंत, कधी त्यानंतरही फ्रॉस्ट येतो. म्हणून हा दहा दिवसांचा क्रम एप्रिलअखेर सुरू करा आणि मे संपेपर्यंत फ्रॉस्टपासून झाकायला बागेचं पांढरं कापड हाताशी ठेवा. न्यू जर्सीच्या वाचकांनी एप्रिलच्या मध्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. टोरांटोच्या आसपास बागकाम करणारे व्हिक्टोरिया डेचा, म्हणजे २५ मेच्या आधीच्या सोमवारचा मुहूर्त धरतात. शेवंतीसाठीही तो बरोबर आहे.

बाहेर नेण्याआधीच झाड फोडून घ्या. कुंडीतून गड्डा काढून माती झटकली की मध्ये जुना, लाकूड झालेला बुंधा दिसतो आणि कडेने काश्या, प्रत्येकीला खाली स्वतःची पांढरी मुळं. मूळ मोडून बघा. आत पांढरं, कुरकुरीत असेल तर जिवंत. साल हातात येऊन आत दोऱ्यासारखा तंतू उरला तर मेलेलं. कडेच्या जोमदार काश्या मुळांसकट सोडवा आणि मधला बुंधा कंपोस्टमध्ये टाका. बुंध्याला हात लावल्यावर तो मऊ लागला, काळपट दिसला आणि वास आला, तर त्याची मातीही फेकून द्या, ती कुंडीत परत वापरू नका.

प्रत्येक काशी आधी १० सेंटिमीटरच्या कुंडीत, मुळं तळाला दिसू लागली की १५च्या आणि जूनमध्ये २०-२५च्या कुंडीत. एकदम मोठ्या कुंडीत लावली तर रिकामी माती ओली राहते आणि मुळं गुदमरतात. मिश्रण दोन भाग पॉटिंग मिक्स, एक भाग कुजलेलं कंपोस्ट, एक भाग परलाइट. भरगच्च कुंडी हवी असेल तर २५च्या कुंडीत तीन काश्या त्रिकोणात लावा.

इंग्लंडमध्ये आणखी दोन गोष्टी सांभाळा. गोगलगायी आणि स्लग कोवळे कोंब एका रात्रीत मातीसपाट करतात. कुंडीच्या काठाला तांब्याची पट्टी लावली तरी रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारणं त्याहून खात्रीचं. दुसरी गोष्ट म्हणजे पांढरा तांबेरा हा बुरशीचा रोग. पानावर वरून फिकट पिवळे ठिपके दिसतात, पान उलटं केलं की त्याच जागी गुलाबीसर पांढऱ्या फोडांसारखे उंचवटे. असं झाड वाचवत बसू नका. पिशवीत बंद करून फेका, कंपोस्टमध्ये नको.

प्रश्न : थंडीतून झाड वाचलं, पण उन्हाळ्यात तीन फूट उंच वाढून आडवं पडलं. फुलं ऑक्टोबरच्या शेवटी जेमतेम आठ-दहा आली. दुकानातल्यासारखं गोल का होत नाही?
– शिकागो

उत्तर : शेंडे खुडले नाहीत म्हणून. दुकानातलं झाड आपोआप गोल होत नाही. ते खुडून, किंवा वाढ रोखणारं औषध मारून तसं केलेलं असतं. रोप १५ सेंटिमीटरचं झालं की टोकाचा एक-दोन सेंटिमीटर शेंडा नखाने खुडा, खाली पाच-सहा पानं राहू द्या. बगलेतून फुटवे येतील. ते १०-१२ सेंटिमीटरचे झाले की त्यांचेही शेंडे खुडा. असं दोन-तीनदा करा. शिकागोत शेवटची खुडणी ४ जुलैच्या आसपास. त्यानंतर खुडलंत तर कळ्या उशिरा धरतात आणि थंडी त्यांना गाठते. न्यू जर्सी किंवा त्याच्या दक्षिणेला जुलैच्या मध्यापर्यंत चालेल.

खत मे ते कळ्यांना रंग दिसेपर्यंत, दर दोन आठवड्यांनी, समतोल द्रवखत निम्म्या मात्रेत. लॉनचं खत या कुंडीला घालू नका. त्यात नत्र भरपूर असतं, त्याने झाड उंच, हिरवं आणि पोकळ वाढतं. रोज किमान सहा तास ऊन हवंच, कमी उन्हातही झाड असंच ताडमाड होतं.

आणि फुलं उशिरा का, तर रात्री दारावरचा दिवा पेटता असतो का ते बघा. शेवंती रात्र मोठी होऊ लागली की कळ्या धरते आणि ती रात्र सलग अंधाराची लागते. मधे उजेड पडला तर झाडाच्या लेखी रात्र तुटते. फुलशेती करणारे फुलं लांबवायला मुद्दाम मध्यरात्री दिवे लावतात ते याचसाठी. रस्त्याच्या दिव्याखालची किंवा पोर्चच्या दिव्याजवळची कुंडी जुलैअखेर तिथून हलवा. हलवता येत नसेल तर ऑगस्टपासून संध्याकाळी सहा ते सकाळी आठ तिच्यावर मोठं पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. कळ्यांना रंग दिसला की झाकणं थांबवा.

प्रश्न : आमच्याकडे बर्फाचा प्रश्न नाही, तरी कुंडीतली शेवंती दरवर्षी जुलैत मरते. जानेवारीपर्यंत झाड छान असतं.
– पुणे

उत्तर : आपल्याकडे शेवंतीचा कठीण काळ हिवाळा नसून पावसाळा आहे. फुलं संपली की फेब्रुवारीत फांद्या १०-१५ सेंटिमीटरवर कापा, वरच्या मातीत दोन मुठी गांडूळखत मिसळा. काश्या फुटतात. मार्च ते मे कुंडीला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या, माती पाल्याने झाका. मेअखेर, पावसाआधी, ८-१० सेंटिमीटरच्या मुळं असलेल्या काश्या वेगळ्या करून नव्या मातीत लावा. जुना बुंधा ठेवूच नका, जुलैत कुजतो तो तोच आणि शेजारच्या काश्यांना घेऊन जातो.

पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवा, तळाचं भोक उघडं आहे ना ते काडी घालून बघा, आणि संततधार लागली की छपराखाली घ्या. मातीत पाव भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा असू द्या. खालची पानं पिवळी पडून झाड दुपारी माना टाकत असेल आणि माती ओली असेल, तर पाणी घालू नका. ते मुळं कुजल्याचं लक्षण आहे. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन बुंध्याशी ओता. शेंड्यांवर मावा दिसला तर कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलिलिटर, थोड्या साबणाच्या पाण्यात घुसळून, संध्याकाळी फवारा. शेंडा लागवडीनंतर चार आठवड्यांनी खुडा.

प्रश्न : गौरींसाठी झिपरी शेवंतीच हवी असते. पुण्याहून येताना बॅगेत दोन-चार काश्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या तर चालेल का?
– डॅलस

उत्तर : कृपया आणू नका. बाहेरून रोपं आणण्यावर अमेरिकेत निर्बंध आहेत. न सांगता आणलेली रोपं जप्त होतात, दंडही होतो. आणि एका रोगट काशीने तुमच्याच गावातल्या रोपवाटिका अडचणीत येऊ शकतात. तिकडच्या रोपवाटिकेत पिवळ्या, लहान फुलांच्या बटण किंवा पॉम्पॉन जाती मिळतात, त्या हारात छान बसतात. मात्र गौरी भाद्रपदात येतात, डॅलसमध्ये उघड्यावरची शेवंती बहुधा त्यानंतर फुलते. सणाला फुलं हवी असतील तर लवकर फुलणारी जात विचारून घ्या आणि शेंडे खुडणं मेअखेर थांबवा. जूनच्या शेवटापासून रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ कुंडी काळ्या कापडाने झाका. मात्र कापडाखाली फार ऊब कोंडली की कळ्या रेंगाळतात, म्हणून अंधार पडल्यावर कापड तळाशी थोडं उचलून हवा खेळू द्या आणि पहाटे उजाडण्याआधी पुन्हा सोडा.

प्रश्न : घरात मांजर आहे. कुंडी गराजमध्ये ठेवली तर धोका आहे का?
– सॅन होजे

उत्तर : आहे. शेवंतीची पानं, फुलं, खोड मांजरांना आणि कुत्र्यांना बाधतात. उलट्या, लाळ गळणं, अंगावर पुरळ असा त्रास होतो. कापलेल्या फांद्या लगेच उचला आणि कुंडी उंच फळीवर ठेवा. खाल्ल्याचं दिसलं तर पशुवैद्यांना फोन करा. एक मात्र आहे, सॅन होजेत एवढी थंडीच पडत नाही की कुंडी गराजमध्ये न्यावी. ती बाहेरच, भिंतीच्या आडोशाला, पावसापासून झाकून ठेवलीत तरी पुरे.